जुनी गाडी घेताना

बैलबाजारात तुम्ही कितीदा गेला असाल. बैल घ्यायचा म्हटला की आपण काय करतो? नुसती रंगवलेली शिंगे बघून पैसे देत नाही. तोंड उघडून दात बघतो. खुर बघतो. चालवून बघतो. जमले तर औताला जुंपून बघतो. विकणारा कुठला, बैल त्याचाच की चोरीचा, याची चौकशी करतो. मग इसार देतो.

पण गाडीच्या बाजारात गेलो की हीच माणसे भुलतात. चकचकीत रंग बघतात आणि खिशात हात घालतात. असे का होते? बैल आपल्या ओळखीचा. गाडी अनोळखी. तिचे दात कुठे असतात ते ठाऊक नसते.

गाडीलाही दात असतात, बरं का! ते कसे बघायचे, ते या पाठात सांगितले आहे. पाठातली तात्या आणि काकू ही माणसे मनाने रचलेली आहेत. पण असे प्रसंग खरोखर घडतात.

तात्या गाडी बघतात

तात्यांच्या आईचे गुडघे दुखत. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे तर एस.टी.त चढवत नसे. एका वर्षी टोमॅटोचे पैसे चांगले झाले. तात्यांच्या मनाने घेतले, एक जुनी चारचाकी घ्यावी.

तात्या आणि काकू तालुक्याला गेले. तिथे जुन्या गाड्यांचे दुकान होते. दुकानदाराने खुर्च्या दिल्या. चहा मागवला. मग एक पांढरी गाडी दाखवली. गाडी आरशासारखी चमकत होती.

"तात्या, डॉक्टरची गाडी आहे. दहा वर्षांत छत्तीस हजार किलोमीटर चाललीय फक्त," दुकानदार म्हणाला. "किंमत दोन लाख ऐंशी हजार. ऐंशी हजार आज भरा. दोन लाखांचं कर्ज इथंच करून देतो. महिन्याला साडेसात हजार हप्ता. संध्याकाळी गाडी तुमच्या दारात!"

"आणि कागद?" काकूंनी विचारले.

"कागद होतील की मागाहून. पण इसार आत्ता द्या. दुपारी दुसरं गिऱ्हाईक येतंय."

तात्यांचा हात खिशाकडे गेला. काकूंनी तो धरला. काकू दोन वर्षे साक्षरतेच्या वर्गाला जात होत्या. त्या हळू वाचत, पण अक्षर न् अक्षर वाचत.

त्या म्हणाल्या, "अहो, गिऱ्हाईक आलं तर येऊ दे. गाडी गेली तर दुसरी मिळेल. पैसे गेले तर दुसरे कुठनं आणायचे?"

काकूंचे हे वाक्य पाठ करून ठेवा. जो तुम्हाला घाई करतो, त्याला तुम्ही विचार करायला नको असता. चांगल्या मालाला एक रात्र थांबायला हरकत नसते.

गाडीचे दात

गाडी बघायला दिवसाउजेडी जा. रात्री रंगाचे डाग दिसत नाहीत. गाडी सुरू करून ठेवू नका, असे आधीच सांगा. इंजिन थंड असताना चालू करून बघा. गरम इंजिन आपले दुखणे लपवते. धूर बघा. निळसर धूर आला तर इंजिन ऑईल जाळते आहे, असे समजा.

दारे, बॉनेट, डिकी उघडून बघा. एका दाराचा रंग वेगळा आहे का? फटी कमीजास्त आहेत का? तसे असेल तर गाडीला मार बसलेला असू शकतो.

गाडी पुरात बुडालेली नाही ना, तेही बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीकडे महापूर आला. तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन, रंगवून विकता येतात. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा. आत गाळाची रेघ आहे का? पायाखालचे मॅट उचला. खाली चिखल, गंज किंवा कुबट वास आहे का?

आता किलोमीटरचा आकडा. हा आकडा मागे फिरवता येतो. हल्लीच्या विजेवर चालणाऱ्या आकड्याचेही तसेच. मग खरे कसे कळावे? साधा हिशेब करा. तात्यांना दाखवलेली गाडी दहा वर्षांत ३६,००० किलोमीटर चालली म्हणे. म्हणजे वर्षाला ३,६००. महिन्याला ३००. दिवसाला १०. इतकी कमी चाललेली गाडी असूही शकते. पण मग तिच्या ब्रेकच्या पायपट्टीचे रबर झिजलेले नको. स्टिअरिंगचे चाक गुळगुळीत झालेले नको. सीट बसलेली नको. आकडा म्हणतो थोडी चालली आणि रबर म्हणते खूप चालली, तर रबरावर विश्वास ठेवा. गाडीची सर्व्हिसिंग कुठे होत होती ते विचारा. तिथल्या पावत्यांवर तारीख आणि किलोमीटर लिहिलेले असतात.

शेवटी, आपल्या विश्वासाचा मिस्त्री बरोबर न्या. त्याचा दिवसाचा रोज द्या. दुकानदाराने दिलेला मिस्त्री नको. गाडी चढावर, खड्ड्यांतून, स्वतः चालवून बघा. दुकानदार मिस्त्रीला हात लावू देत नसेल, तर तिथूनच माघारी फिरा.

गाडीचा सातबारा

जमीन घेताना आपण सातबारा बघतो. मालक कोण, बोजा किती, सगळे त्यावर असते. गाडीचाही सातबारा असतो. त्याला आर.सी. म्हणतात. म्हणजे नोंदणीचा दाखला. पूर्वी त्याचे पुस्तक असे. आता कार्ड असते.

काकूंनी आर.सी. मागितली. दुकानदार नाखुशीनेच उठला. काकूंनी चष्मा लावला आणि वाचायला बसल्या. तुम्हीही असेच वाचा. पाच गोष्टी बघा.

पहिली गोष्ट, मालकाचे नाव. गाडी विकणारा आणि आर.सी.वरचा मालक एकच आहे का? नसेल तर मालक कुठे आहे? त्याला समोर आणायला सांगा. दुकानदाराकडे गाडी विकण्याचा अधिकार आहे का, तेही विचारा. याबद्दल सरकारचा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला आहे. जुन्या गाड्या विकणाऱ्या दुकानदाराने आर.टी.ओ. कडून अधिकारपत्र घ्यायचे असते. मालकाने गाडी दुकानदाराच्या ताब्यात दिली, तर तसे आर.टी.ओ.ला कळवायचे असते. ते अधिकारपत्र बघायला मागा. मागण्यात लाज कसली?

दुसरी गोष्ट, चासी नंबर आणि इंजिन नंबर. हे नंबर गाडीच्या अंगावर ठोकलेले असतात. चासी नंबरात साधारणपणे सतरा अक्षरे आणि आकडे असतात. आर.सी. हातात धरा. एकेक अक्षर बोटाने जुळवा. एक आकडा जरी चुकला किंवा खरवडलेला दिसला, तरी गाडी सोडा. ती चोरीची असू शकते.

तिसरी गोष्ट, बोजा. आधीच्या मालकाने गाडीवर कर्ज काढले असेल, तर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव आर.सी.वर असते. ते नाव असेपर्यंत गाडी मोकळी नाही. हप्ते थकले तर कंपनीची माणसे गाडी ओढून नेऊ शकतात. मग तुम्ही पूर्ण पैसे मोजलेले असले तरी गाडी दारातून जाते.

चौथी गोष्ट, मुदत. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी ती नव्याने करावी लागते. त्यासाठी गाडी तपासून घ्यावी लागते. फी भरावी लागते. महाराष्ट्रात पर्यावरण करही द्यावा लागतो. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, ते आता कळले ना?

पाचवी गोष्ट, पासिंग कुठले. दुसऱ्या राज्यातली गाडी स्वस्त दिसते. पण तिला तिथल्या आर.टी.ओ.चा ना हरकत दाखला लागतो. मग इथला कर भरावा लागतो. नंबरही इथला घ्यावा लागतो. हा सगळा खर्च किमतीत मिळवून मग ठरवा.

याशिवाय विमा चालू आहे का, धुराचा दाखला आहे का, ते बघा. गाडीवर दंडाची चलाने थकलेली आहेत का, ते बघा. ही माहिती सरकारच्या परिवहन खात्याच्या वेबसाईटवर आणि मोबाईलच्या ॲपवर मिळते. गाडीचा नंबर घालायचा. नोंदणीची मुदत, विमा, बोजा यांची माहिती दिसते. तुम्हाला जमत नसेल तर घरातल्या शिकत्या पोराला सांगा. दुकानदाराच्या मोबाईलवर मात्र बघू नका.

पांढऱ्या पाटीची गाडी घरच्या वापराची असते. तिच्यात भाडे घेऊन माणसे नेता येत नाहीत. भाड्याच्या धंद्यासाठी पिवळ्या पाटीची गाडी आणि परवाना लागतो, हेही ध्यानात असू द्या.

काकू तिसऱ्या गोष्टीपाशी थांबल्या. आर.सी.वर एका फायनान्स कंपनीचे नाव होते.

"हे काय?" त्यांनी विचारले.

"ते राहून गेलंय. कर्ज कधीच फिटलंय," दुकानदार म्हणाला.

"मग कंपनीचा दाखला दाखवा. पस्तीस नंबरचा फॉर्म दाखवा."

दुकानदार गप्प झाला. पस्तीस नंबरचा फॉर्म म्हणजे बोजा उतरवण्याचा अर्ज. त्यावर मालकाची सही लागते आणि कर्ज देणाराचीही सही लागते. कर्ज फिटले असेल, तर हा कागद मिळायला अडचण नसते.

हप्त्याचा हिशेब

काकूंनी मग हप्त्याचे विचारले. व्याज किती?

"शेकडा एक रुपया महिना," दुकानदार म्हणाला. "वर्षाला बारा टक्के. तीन वर्षांत फेडायचं."

तात्यांना व्याज बरे वाटले. सावकारापेक्षा कमीच की! पण हिशेब मांडून बघू.

दोन लाखांवर वर्षाला बारा टक्के म्हणजे २४,००० रुपये. तीन वर्षांचे ७२,०००. मुद्दल आणि व्याज मिळून २,७२,०००. त्याला ३६ महिन्यांनी भागा. हप्ता येतो सुमारे ७,५५६ रुपये.

यात गोम कुठे आहे? तुम्ही दर महिन्याला मुद्दल थोडे थोडे परत देत असता. दीड वर्षानंतर बरेचसे मुद्दल फिटलेले असते. तरी व्याज मात्र पूर्ण दोन लाखांवरच घेतात. समजा, तुम्ही दोन एकर जमीन खंडाने घेतली. वर्षाने एक एकर मालकाला परत दिली. तरी मालक दोन एकरांचाच खंड मागतो. तुम्ही द्याल का? अशा व्याजाला फ्लॅट व्याज म्हणतात.

दुसरी रीत आहे घटत्या शिलकीवरची. जेवढे मुद्दल उरले, तेवढ्यावरच व्याज. त्याच दोन लाखांना, त्याच बारा टक्क्यांनी, त्याच तीन वर्षांत हप्ता येतो सुमारे ६,६४३ रुपये. एकूण व्याज होते सुमारे ३९,१४३ रुपये.

म्हणजे दोन्हीकडे तोंडाने बारा टक्केच म्हणतात. पण फरक पडतो जवळजवळ ३३,००० रुपयांचा. फ्लॅटचे बारा टक्के म्हणजे घटत्या शिलकीचे एकवीस टक्क्यांहून जास्त.

म्हणून नुसता हप्ता विचारू नका. नुसते टक्केही विचारू नका. असे विचारा: "माझ्या हातात किती येणार? आणि शेवटच्या हप्त्यापर्यंत माझ्याकडून एकूण किती जाणार?" कधी कधी फाईलचा खर्च, विमा, दलाली असे काय काय कर्जातूनच कापतात. कागदावर दोन लाख आणि हातात त्याहून कमी. व्याज मात्र पूर्ण दोन लाखांचे.

याबद्दल रिझर्व्ह बँकेने एक चांगला नियम केला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या घरगुती कर्जांना तो लागू आहे. बँकेने किंवा फायनान्स कंपनीने कर्ज देण्याआधी एक पत्रक द्यायचे असते. त्याला के.एफ.एस. म्हणतात. त्यात कर्ज, हप्ता आणि सगळे खर्च लिहायचे असतात. सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर किती पडतो, तोही लिहायचा असतो. त्या दराला ए.पी.आर. म्हणतात. हे पत्रक तुम्हाला समजेल अशा भाषेत असायला हवे. ते तुम्हाला समजावूनही सांगायला हवे. त्यात नसलेला खर्च तुमच्या उघड संमतीशिवाय लावता येत नाही.

तेव्हा ठासून सांगा, "के.एफ.एस. द्या. मराठीत द्या. मी घरी नेऊन वाचतो." दोन-तीन ठिकाणची पत्रके घ्या. ए.पी.आर.चा आकडा शेजारी शेजारी ठेवा. जो कमी, तो बरा. कर्ज मुदतीआधी फेडले तर दंड किती, हेही त्यात बघा. गाडी घेण्याआधीच आपल्या बँकेत चौकशी केली, तर दुकानातल्या कर्जाची गरजही पडणार नाही.

कोऱ्या कागदावर सही नको

अंगठा उठवण्याचे दिवस तुम्ही मागे टाकलेत. आता तुमच्या सहीला किंमत आली आहे. ती फुकट देऊ नका.

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. "आकडे आम्ही भरतो" म्हणाले, तर "आधी भरा, मग सही" असे म्हणा. कोरा चेक देताना दहादा विचार करा. तोंडी वचन म्हणजे वाऱ्यावरची वरात. "टायर नवे घालून देतो, बोजा उतरवून देतो" असे म्हणाले, तर ते कागदावर लिहून घ्या. खाली दुकानाचा शिक्का आणि सही घ्या. इसार दिला तर पावती घ्या. व्यवहार मोडला तर इसार परत मिळणार का, हेही पावतीवर लिहून घ्या. मोठी रक्कम बँकेतून द्या. बँकेचे पासबुक साक्षीदार होते.

गाडी नावावर करा

पैसे दिले, गाडी दारात आली, नारळ फोडला. झाले का काम? नाही. आर.सी.वर तुमचे नाव येईपर्यंत काम झाले नाही.

नाव बदलण्यासाठी एकोणतीस आणि तीस नंबरचे फॉर्म लागतात. विकणाराने चौदा दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. घेणाराने तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घेण्यासाठी कंपनीकडे अर्ज द्या. नाही तर तुमच्या गाडीचे नुकसान झाल्यावर कंपनी हात वर करू शकते.

हे काम घेणाराचे आहे, तितकेच विकणाराचेही आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एक खटला झाला. एकाने आपली मोटार विकली होती. पुढे ती अनेक हातांत गेली. पण आर.सी.वर नाव पहिल्याचेच राहिले. त्या मोटारीने अपघात झाला. एक मूल दगावले. न्यायालयाने म्हटले, आर.सी.वर ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली. गाडी त्याच्याकडे नव्हती, तरी!

फसगत झाली तर

फसगत झाली तर घरात रडत बसू नका. सगळे कागद, पावत्या, जाहिराती एका पिशवीत ठेवा. आधी दुकानदाराला लेखी तक्रार द्या. पोहोच घ्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन करा. नंबर आहे १९१५. तेवढ्याने भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी पडत नाही.

तक्रार बँकेची किंवा फायनान्स कंपनीची असेल, तर आधी त्यांना लेखी द्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. चौकशीचा नंबर आहे १४४४८. वसुलीच्या माणसांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर हप्त्यासाठी फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. धमकी दिली, मारहाण केली, चोरीची गाडी विकली, तर सरळ पोलीस ठाणे गाठा.

काकूंचा प्रश्न

तात्या आणि काकू त्या दिवशी रिकाम्या हातांनी घरी आले. तात्या जरा हिरमुसले होते. पण महिनाभरात शेजारच्या गावात एका शिक्षकांची गाडी मिळाली. ती इतकी चमकत नव्हती. मिस्त्रीने तिचे दोन दोष सांगितले. तेवढे पैसे किमतीत कमी झाले. आर.सी.वर शिक्षकांचेच नाव होते. बोजा नव्हता. कर्ज बँकेतून घटत्या शिलकीच्या व्याजाने मिळाले. हप्ता ६,६४३ रुपये बसला. काकूंनी पत्रक दोन वेळा वाचले. मगच तात्यांनी सही केली.

नवी आर.सी. टपालाने आली, त्या दिवशी काकूंनी ती देवापुढे ठेवली. मग त्यांना काही तरी आठवले.

"अहो, तुमची ती जुनी फटफटी. चार वर्षांमागं विकलीत ना? तिचं नाव बदललं का?"

तात्यांचा चेहरा पडला. फटफटी घेणारा म्हणाला होता, "बघू मागाहून." तात्यांनीही पुढे विचारले नव्हते. आज ती फटफटी कुठे असेल, कोण चालवत असेल, कोणाला धडकली असेल, काही ठाऊक नव्हते. नाव मात्र तात्यांचेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.ने तात्या त्या माणसाला शोधायला निघाले.

तुमचेही असे काही राहिले आहे का? आजच बघा.

ध्यानात ठेवा

१. घाई करणाराकडून गाडी घेऊ नका.
२. आपला मिस्त्री आपण न्या.
३. आर.सी. अक्षर न् अक्षर वाचा. बोजा बघा.
४. हप्ता विचारू नका. एकूण किती जाणार ते विचारा.
५. के.एफ.एस. घेतल्याशिवाय कर्ज नको.
६. कोऱ्या कागदावर सही नको.
७. नाव बदलल्याशिवाय व्यवहार पुरा झाला असे समजू नका.

उत्तरे द्या

१. आर.सी.ला गाडीचा सातबारा का म्हटले आहे?
२. फ्लॅट व्याज आणि घटत्या शिलकीचे व्याज यांत फरक काय?
३. तात्या पहिल्या एस.टी.ने का निघाले?